यार्ड नेमके कोणाचे? रनिंग बॅक आणि हॉल ऑफ फेमचा न मिटणारा वाद

फ्रँक गोर अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये १६ हंगाम खेळला आणि चेंडू घेऊन बरोबर १६,००० यार्ड धावला. एवढ्या लांबवर त्याच्या आधी फक्त दोघे पोचले होते. टेरेल डेव्हिस जेमतेम ७८ सामने खेळला, ७,६०७ यार्ड धावला आणि गुडघ्यामुळे थांबला. आकडे बघून कोणीही म्हणेल की गोरसाठी हॉल ऑफ फेमचं, म्हणजे खेळातल्या थोरांच्या सन्मानदालनाचं, दार आपोआप उघडेल आणि डेव्हिसचा विचारही होणार नाही. प्रत्यक्षात डेव्हिसचा ब्राँझचा अर्धपुतळा २०१७ पासून ओहायोतल्या कँटन गावी मांडलेला आहे आणि गोरचं नाव निघालं की जाणती माणसं विचारतात, "टिकून राहिला हे खरं, पण थोर होता का?"

अर्ध्याहून कमी धावणारा आत आणि दुप्पट धावणाऱ्यावर वाद, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अन्यायाची वाटते. तसं होण्याची कारणं खेळाच्या रचनेत आहेत. ती कळली की हा वाद इतका चिवट का आहे तेही कळतं.

आधी खेळ. मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. गेला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही गेला तर चेंडू समोरच्याकडे. पुढे जाण्याचे मार्ग मुख्यतः दोन. क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो आणि कोणीतरी तो झेलतो, किंवा क्वार्टरबॅक चेंडू मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हातात देतो आणि तो समोरच्या गर्दीत घुसतो. त्या गर्दीत त्याच्याच संघाचे पाच धिप्पाड गडी असतात, त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. समोरच्या बचावपटूंना ढकलून फट पाडणं हे त्यांचं काम. फट पडली तर रनिंग बॅक तिच्यातून सुटतो. नाही पडली तर दोन-तीन माणसं एकदम त्याच्या अंगावर येतात. एका सामन्यात हे वीस-पंचवीस वेळा होतं.

म्हणजे यार्ड लिहिले जातात रनिंग बॅकच्या खात्यावर, पण त्यातले किती त्याने स्वतः कमावले आणि किती पुढच्या पाच जणांनी मिळवून दिले, हे धावफलकावर कुठेच दिसत नाही. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. कोण किती धावला हे सगळ्यांना माहीत असतं. ते यार्ड कोणाचे, यावर भांडण असतं.

आता निवड कशी होते ते थोडक्यात. कँटनमध्ये १९२० साली एनएफएलची स्थापना झाली, म्हणून १९६३ साली उघडलेलं हॉल ऑफ फेमही तिथेच आहे. खेळाडू निवृत्त झाल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं. मग साधारण पन्नास जणांची समिती, तीत बहुतेक फुटबॉलवर लिहिणारे-बोलणारे पत्रकार, शेकडो नावं गाळत गाळत पंधरापर्यंत येते. बंद दाराआड एकेका नावावर चर्चा होते. शेवटी ८० टक्के मतं लागतात. दरवर्षी नव्या जमान्यातले जास्तीत जास्त पाच खेळाडू घेतात. २०२५ च्या वर्गापासून नियम आणखी कडक झाला. शेवटच्या सात जणांतून प्रत्येक मतदाराने पाचच निवडायचे. त्यामुळे मतं विखुरली आणि त्या वर्षी एकूण चौघेच आत गेले. निवृत्तीला पंचवीस वर्षं झाली की नाव ज्येष्ठांच्या यादीत जातं आणि तिथली गर्दी त्याहून मोठी आहे.

या चाळणीत रनिंग बॅक विशेष अडकतात. एजरिन जेम्स २०२० च्या वर्गात आला, त्यानंतरच्या पाच वर्गांत नव्या जमान्यातला एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. क्वार्टरबॅक, झेलणारे, बचावातले गडी आत जात राहिले.

एकूण यार्डांनीच निवड करावी असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. एमिट स्मिथ या यादीत सर्वांत वर आहे, १८,३५५ यार्ड. आपल्या मापात सांगायचं तर पावणेसतरा किलोमीटर. पंधरा हंगामांत, ४,४०९ वेळा चेंडू हातात घेऊन, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येक वेळी शेवटी कोणीतरी जमिनीवर आपटलेलं. त्याच्यामागे वॉल्टर पेटन, १६,७२६. पेटन १३ वर्षांत एकच सामना चुकला. या धंद्यात बहुतेकांची कारकीर्द तीन वर्षंही टिकत नाही, तिथे दहा-पंधरा वर्षं उभं राहणं हाच एक पराक्रम आहे.

पण एकूण आकडा दोन बाबतींत फसवतो. पहिली म्हणजे हंगामाची लांबी. जिम ब्राऊन १९५७ ते १९६५ खेळला. १९६० पर्यंत हंगाम १२ सामन्यांचा होता, नंतर १४ चा. १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७. ब्राऊनने नऊ हंगामांत १२,३१२ यार्ड काढले, नऊपैकी आठ वेळा लीगमध्ये पहिला आला आणि तिशीतच, सगळं शाबूत असताना, खेळ सोडला. आज त्याचं नाव एकूण यार्डांच्या यादीत बरंच खाली दिसतं. एका सामन्याला सरासरी १०४ यार्ड हा त्याचा आकडा बघितला की चित्र उलटतं. क्रिकेटमध्ये एकूण धावांसोबत सरासरी बघितल्याशिवाय आपण फलंदाजाबद्दल बोलत नाही, तसंच इथे दर धावेमागचे यार्ड बघावे लागतात. ब्राऊनचे ५.२, बॅरी सँडर्सचे ५.०, पेटनचे ४.४, स्मिथचे ४.२, आणि हॉलमध्ये असलेल्या जेरोम बेटिसचे ३.९.

दुसरी फसवणूक मला जास्त बोचते. एकूण यार्ड किती होणार हे खेळाडूच्या हातात फारसं नसतं. प्रशिक्षक चेंडू किती वेळा देतो आणि शरीर किती वर्षं साथ देतं, यावर ते ठरतं. ह्यूस्टन ऑइलर्सचा अर्ल कॅम्पबेल घ्या. १९८० मध्ये प्रशिक्षकांनी त्याच्याकडे ३७३ वेळा चेंडू दिला. तो १,९३४ यार्ड धावला, चार सामन्यांत २०० च्या पुढे गेला. बाजूने निसटण्यापेक्षा समोरच्याच्या छातीवर जाणं हीच त्याची पद्धत आणि संघालाही तेच हवं होतं. आठ हंगामांत ९,४०७ यार्ड झाले आणि शरीर संपलं. १९९१ साली तो हॉलमध्ये आला. पुढच्या आयुष्यात पाठीचा कणा आणि गुडघे यांनी त्याला चालणंसुद्धा कठीण केलं. कॅम्पबेलला कोणी "१०,००० सुद्धा झाले नाहीत" असं म्हणालं तर मला राग येतो. त्याला जपून वापरलं असतं तर बारा हजार झाले असते, पण मग तो अर्ल कॅम्पबेल राहिला नसता.

गेल सेयर्सचं उदाहरण याहून टोकाचं. ६८ सामने, ४,९५६ यार्ड, बस. पण १९६५ च्या डिसेंबरात, शिकागोच्या चिखलात, त्याने एकाच सामन्यात सहा टचडाउन केले, म्हणजे सहादा चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेला, आणि ज्यांनी त्याला पाहिलं त्यांच्या मनात शंका उरली नाही. १९७७ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी, तो हॉलमध्ये गेलेला सर्वांत तरुण माणूस ठरला. तेव्हापासून शिखर मोठं की साठा मोठा, हा प्रश्न अधिकृतपणे उघडा आहे.

डेव्हिसचा खटला सेयर्सच्या पायावर उभा राहिला, पण त्यात "यार्ड कोणाचे" हा प्रश्न सर्वांत नागडा होऊन समोर आला. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, डेन्व्हर ब्राँकोज संघाने त्याला सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर निवडलं. म्हणजे कोणाच्याच फारशा अपेक्षा नव्हत्या. १९९८ मध्ये त्याने २,००८ यार्ड काढले. पुढच्या वर्षी एका सामन्यात आपल्या क्वार्टरबॅकचा पास समोरच्यांनी पकडला, त्या माणसाला अडवायला डेव्हिस धावला आणि त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले. इथून त्याच्याविरुद्धचा पुरावा तयार व्हायला लागला. १९९९ मध्ये त्याच्या जागी आलेला ओलँडिस गॅरी १,१५९ यार्ड धावला. २००० मध्ये माइक अँडरसन, तोही सहाव्या फेरीतला, पहिल्याच हंगामात १,४८७. २००२ मध्ये क्लिंटन पोर्टिस, पहिल्याच हंगामात १,५०८. प्रशिक्षक माइक शॅनहान यांच्या पद्धतीत कोणालाही उभं करा, हजार यार्ड निघतात, असं लोक म्हणू लागले. डेव्हिस २००७ पासून पात्र होता. दहा वर्षं तो या एका वाक्यापुढे थांबून राहिला.

त्याला आत नेलं ते बाद फेरीतल्या सामन्यांनी. आठ सामने, १,१४० यार्ड, १२ टचडाउन. आठपैकी सात जिंकले. जानेवारी १९९८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, अर्धशिशीने त्याला दिसेनासं झालं. शॅनहाननी त्याला तरीही एका चालीसाठी मैदानात पाठवलं, कारण तो नुसता उभा राहिला तरी समोरचे त्याच्याकडेच बघणार होते. ते तिकडे बघत राहिले आणि क्वार्टरबॅक जॉन एलवे स्वतः चेंडू घेऊन आत गेला. मध्यंतरानंतर डेव्हिस परतला, १५७ यार्ड आणि तीन टचडाउन करून सामनावीर झाला. गॅरी, अँडरसन आणि पोर्टिस यांनी त्याच पद्धतीत यार्ड काढले हे खरंच, पण जानेवारीत, सर्वोत्तम बचावांपुढे, डेव्हिससारखं कोणी केलं नाही. माझ्या मनात हाच फरक निर्णायक आहे. लाइनने मिळवून दिलेले यार्ड वजा केले तरी मागे काही उरतं का, हे बघायचं.

एमिट स्मिथला लोक "मोठ्या लाइनमागे धावला" म्हणून हिणवतात, तेव्हा याच कसोटीने उत्तर देता येतं. १९९३ च्या हंगामाच्या सुरुवातीला कराराच्या वादामुळे तो पहिले दोन सामने खेळला नाही. डॅलस काउबॉईज त्याआधीच्या वर्षीचे विजेते होते, लाइन तीच होती, क्वार्टरबॅक तोच होता. दोन्ही सामने हरले. मालकाने पैसे मोजले, स्मिथ परत आला, दोन सामने कमी खेळूनही त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक यार्ड त्याचेच झाले आणि संघ पुन्हा सुपर बोल जिंकला. नियतीने असा स्वच्छ प्रयोग फार कमी वेळा करून दाखवला आहे.

प्रीस्ट होम्सच्या बाबतीत प्रयोग झाला आणि निकाल उलटा लागला. होम्सला ड्राफ्टमध्ये कोणी निवडलंच नव्हतं. कॅन्सस सिटीत २००१ ते २००३ या तीन वर्षांत तो जे खेळला तसं क्वचितच कोणी खेळलं असेल. तीन वर्षांत ६१ टचडाउन, त्यातले २००३ मध्ये धावून केलेले २७. २००२ मध्ये १४ सामन्यांत धावणं आणि झेलणं मिळून २,२८७ यार्ड. तिन्ही वर्षं तो ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीच्या, पहिल्या संघात होता. पण त्याच्या पुढच्या लाइनमध्ये विली रोफ आणि विल शील्ड्स होते, दोघेही आज हॉलमध्ये. होम्स जखमी झाला तेव्हा लॅरी जॉन्सन त्याच्या जागी आला आणि २००५ मध्ये १,७५०, २००६ मध्ये १,७८९ यार्ड काढून गेला. होम्सच्या बाजूने एकच बाद फेरीचा सामना सांगता येतो, जानेवारी २००४ चा इंडियानापोलिसविरुद्धचा. त्यात तो १७६ यार्ड धावला आणि तरी संघ ३८-३१ ने हरला. त्याला डेव्हिससारख्या आठ संधी मिळाल्या असत्या तर काय झालं असतं, हे मला खरोखर बघायचं होतं. पण मिळाल्या नाहीत, आणि न घडलेल्या सामन्यांना मत देता येत नाही. मी होम्सला मत देणार नाही, आणि हा निर्णय मला सुखाचा वाटत नाही.

सिएटलच्या शॉन अलेक्झांडरबद्दल मात्र मला फार विचार करावा लागत नाही. २००५ मध्ये १,८८० यार्ड, २८ टचडाउन, लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच्या डाव्या बाजूला वॉल्टर जोन्स आणि स्टीव्ह हचिन्सन, पुन्हा दोघेही हॉलमध्ये. त्या हंगामानंतर हचिन्सन दुसऱ्या संघात गेला, अलेक्झांडरच्या पायाचं हाड मोडलं आणि तो पुन्हा कधी हजार यार्डांपर्यंत पोचला नाही.

याच कसोटीवर मला सर्वांत भक्कम वाटतो तो फ्रेड टेलर. अमेरिकेबाहेर हे नाव फारसं कोणाला माहीत नाही आणि अमेरिकेतही कमीच घेतलं जातं. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने त्याला १९९८ मध्ये नवव्या क्रमांकावर घेतलं. ११,६९५ यार्ड, दर धावेमागे ४.६. म्हणजे साठाही आहे आणि सरासरीही आहे. हॉलमधल्या कर्टिस मार्टिनचे एकूण यार्ड १४,१०१ आहेत, पण दर धावेमागे ४.०. मार्टिनला कमी लेखायचं नाही मला. पण हातात चेंडू आल्यावर टेलर प्रत्येक वेळी सरासरी अर्ध्या यार्डाहून जास्त पुढे जात होता आणि हे त्याने तेरा वर्षं केलं.

त्याच्या विरोधात दोन गोष्टी सांगतात. एक, तो सतत जखमी असायचा. २००१ मध्ये तर दोनच सामने खेळू शकला, लोकांनी 'फ्रॅजाइल फ्रेड' असं नाव पाडलं. नाजूक म्हणून हिणवलेल्या या माणसाने त्यानंतर २००२ आणि २००३ मध्ये सोळाच्या सोळा सामने खेळून दाखवले, आणि २००३ मध्ये १,५७२ यार्ड काढले. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. दुसरी गोष्ट, तो प्रो बोलला, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, एकदाच निवडला गेला, २००७ मध्ये. हा आक्षेप मला पोकळ वाटतो. त्याच्या काळात त्याच गटात डेव्हिस, मार्टिन, बेटिस, जेम्स, होम्स, लाडेनियन टॉमलिन्सन असे सगळे एकदम होते. यातले होम्स सोडून बाकी सगळे हॉलमध्ये आहेत. शिवाय निवडीत प्रेक्षकांची मतंही धरतात, आणि जॅक्सनव्हिल हे लीगमधल्या लहान शहरांपैकी एक. त्यांचे सामने देशभर फार दाखवले जात नव्हते.

यार्ड कोणाचे, या प्रश्नाला टेलरपाशी सरळ उत्तर मिळतं. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्यापुढे लाइनमध्ये टोनी बोसेली होता, तो २०२२ मध्ये हॉलमध्ये गेला. २००१ नंतर बोसेली खेळू शकला नाही. टेलरचे एका हंगामातले सर्वाधिक यार्ड त्यानंतरचे, २००३ चे आहेत. २००७ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, ज्या वयात रनिंग बॅकला कोणी दारात उभं करत नाही, त्याने १,२०२ यार्ड काढले आणि तेही दर धावेमागे ५.४ ने. आणि मोठ्या सामन्यातली एक धाव तर आजही बघावी. जानेवारी २००० मध्ये मायामीविरुद्ध, आपल्याच गोलरेषेजवळून निघून, मधल्या माणसांना चुकवत ९० यार्ड. तो सामना जॅक्सनव्हिलने ६२-७ असा जिंकला. थोर क्वार्टरबॅक डॅन मरिनोचा तो शेवटचा सामना, त्यामुळे बातम्यांत मरिनो राहिला आणि टेलर बाजूला पडला. २०१६ पासून पात्र असलेल्या टेलरचं नाव शेवटच्या पंधरांत यायलाच २०२४ साल उजाडलं.

आता पुन्हा गोर. त्याच्यावरचा आक्षेप असा की तो कुठल्याच वर्षी लीगमध्ये पहिला आला नाही, ऑल-प्रोच्या पहिल्या संघात एकदाही नव्हता. दोन्ही खरं आहे. मी शिखराला एवढं महत्त्व देतो, तर गोरला नाकारायला हवं. पण मी नाकारत नाही. कॉलेजात असतानाच त्याच्या दोन्ही गुडघ्यांचे स्नायुबंध वेगवेगळ्या वर्षी तुटले होते, म्हणूनच २००५ मध्ये तो तिसऱ्या फेरीपर्यंत खाली घसरला. सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्या पाच हंगामांत आक्रमणाची आखणी करणारे पाच वेगवेगळे प्रशिक्षक आले. दरवर्षी नवी पद्धत, नव्या खुणा, आणि संघ हरणारा. या पाच जणांच्या पाच पद्धतींत जो टिकून यार्ड काढतो, त्याचे यार्ड पद्धतीचे कसे म्हणायचे? नऊ हंगामांत त्याने हजारी ओलांडली. गोरच्या बाबतीत टिकणं हीच असामान्य गोष्ट ठरते. त्याच्या पिढीत ज्यांची शिखरं उंच होती त्यांतले बहुतेक त्याच्या कितीतरी आधी थांबले. हा ३७ व्या वर्षीही गर्दीत घुसत होता.

मार्शॉन लिंचकडे एकूण १०,४१३ यार्ड आहेत, पण त्याच्याबद्दल बोलताना आकडे कोणीच काढत नाही. अंगावर आलेल्या माणसांना झिडकारून पुढे जाणं ही त्याची ओळख. जानेवारी २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध त्याने एकामागून एक बचावपटू झटकत ६७ यार्डांची धाव घेतली, आणि सिएटलच्या प्रेक्षकांनी असा जल्लोष केला की स्टेडियमजवळच्या भूकंपमापक यंत्रावर कंप नोंदला गेला. त्यानंतर सलग चार हंगाम तो १,२०० च्या वर राहिला. सुपर बोल जिंकला, आणि पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, विजय एका यार्डावर असताना त्याला चेंडू न देता पास फेकला गेला, तो न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने पकडला आणि सामना गेला. त्या संध्याकाळी लिंच १०२ यार्ड धावला होता. यार्ड स्वतःचे असणं म्हणजे काय, हे कोणाला दाखवायचं झालं तर मी लिंचच्या चालींची चित्रफीत लावेन. त्याला माझं मत आहे.

फक्त धावण्यावर मोजमाप अडकलं की कोणाचं नुकसान होतं, ते रॉजर क्रेगकडे बघून समजतं. १९८५ मध्ये त्याने धावून १,०५० आणि झेलून १,०१६ यार्ड काढले. एकाच हंगामात दोन्हीकडे हजार, असं त्याच्या आधी कोणी केलं नव्हतं. नंतरही १९९९ मध्ये मार्शल फॉक आणि २०१९ मध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्री, एवढेच. क्रेगने तीन सुपर बोल जिंकले. आज प्रत्येक संघ रनिंग बॅककडून झेलण्याची अपेक्षा करतो, तो साचा त्याने पाडला. तरी निवृत्तीनंतर तीस वर्षांहून अधिक काळ त्याला वाट पाहावी लागली, कारण धावण्याचे यार्ड ८,१८९ होते आणि मतदारांची नजर त्याच रकान्यावर होती.

हा रकाना पुढे आणखी निरुपयोगी होत जाणार आहे. संघ आता एकाच्या जागी दोन-तीन रनिंग बॅक आलटून पालटून वापरतात, पासवर भर वाढला आहे, आणि तिशीच्या आत करार संपवले जातात. १०,००० यार्डांच्या पुढे आजवर तीसहून थोडेच अधिक पोचले आहेत. पुढच्या पिढीत ती संख्या फार वाढेल असं दिसत नाही. जमाल चार्ल्सचे दर धावेमागे ५.४ यार्ड आहेत, जिम ब्राऊनपेक्षाही जास्त, आणि एकूण फक्त ७,५६३. त्याच्यासारख्यांना जुन्या फूटपट्टीने मोजत राहिलो तर काही वर्षांनी मोजायला कोणीच उरणार नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. एड्रियन पीटरसन २०२७ च्या वर्गापासून पात्र होतो. १४,९१८ यार्ड. डिसेंबर २०११ मध्ये गुडघा फाटला आणि पुढच्याच हंगामात २,०९७ यार्ड काढून तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. फुटबॉलपुरतं बोलायचं तर चर्चा एका मिनिटात संपावी. पण २०१४ मध्ये आपल्या चार वर्षांच्या मुलाला छडीने मारल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला, न्यायालयात त्याने तो लढवला नाही आणि त्या हंगामाचा उरलेला काळ त्याच्यावर बंदी होती. हॉलचा नियम सांगतो की मैदानावरचंच बघा. याच नियमामुळे १९८५ मध्ये आलेल्या ओ. जे. सिम्पसनचा पुतळा त्याच्यावरच्या खुनाच्या खटल्यानंतर आणि पुढच्या तुरुंगवासानंतरही तिथेच राहिला. सिम्पसनचे १९७३ चे २,००३ यार्ड १४ सामन्यांतले होते आणि ते कोणी पुसू शकत नाही, पुसूही नये. विक्रमांच्या पुस्तकात ते आहेतच. पण पुतळा आणि हॉलमध्ये गेलेल्याला मिळणारं सोनेरी जॅकेट हा नोंदीपलीकडचा गौरव आहे. गौरव देताना माणसाकडे बघायचंच नाही असं मतदाराला बजावणं मला पटत नाही. मतदाराला निदान तो प्रश्न बंद दाराआड उघडपणे विचारायची मोकळीक हवी. पीटरसन आत जाईल असं मला वाटतं, आणि बहुधा पहिल्याच फटक्यात.

तसं झालं तर पाचातली एक जागा त्याची होईल, आणि टेलरची वाट आणखी लांबेल. टेलर २०१० च्या हंगामानंतर थांबला, म्हणजे ज्येष्ठांच्या यादीत ढकलला जाण्याआधी त्याच्याकडे साधारण दहा मतदानं उरतात. माझ्या हातात मतपत्रिका असती तर मी पहिलं नाव त्याचं लिहिलं असतं, मग लिंच, मग गोर.